पुढच्या यूएसबीचं दुखणं परत परत का येतं

"मागचो चलता, फुडचो चलना नाय." देवबागहून आतेभावाचा फोन आला की पहिलं वाक्य हेच. घराच्या पडवीत त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी, आणि त्या पट्टीवर हा कॉम्प्युटर. मी मालवणातून तीनदा गेलो, कॅबिनेटच्या पुढचे दोन्ही यूएसबी पोर्ट साफ केले, अंगठ्याचं मशीन लावून पाहिलं, चाललं. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन.

नोव्हेंबर होता, म्हणजे निवृत्तिवेतनवाल्यांचे हयातीचे दाखले काढायचे दिवस. खाडीपलीकडून एक काकी आल्या होत्या, नवऱ्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या. मशीन बोट मागायचं, आतला दिवा पेटायचा आणि टुणकन आवाज होऊन मशीन गायब. भावाने त्यांना हात धुवायला लावले, फडक्याने पुसायला लावले, दुसरा अंगठा ठेवायला लावला. बोटांच्या रेषा झिजल्या असतील असं सगळ्यांनी धरून चाललं, कारण जन्मभर काम केलेले हात होते ते. दोनदा त्या दाखल्याविना परत गेल्या. त्यांच्या बोटात काहीच दोष नव्हता. दोष कॅबिनेटच्या आत दीड वीत लांबीच्या केबलमध्ये होता, आणि तो मी पहिल्याच खेपेला शोधायला हवा होता. चौथ्या खेपेला घाई न करता बसलो तेव्हा जे सापडलं ते सगळं इथे लिहितो, कारण किनाऱ्यावरच्या शाळा, सोसायट्या, स्टुडिओ, मासळीच्या वखारी, सगळीकडे हेच रडगाणं ऐकतो.

आधी हा रस्ता समजून घ्या. मागचे पोर्ट मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डावर, थेट डाखलेले असतात. पुढचे तसे नसतात. मदरबोर्डवर खाली कडेला ९ पिनांचा एक जोड असतो (१० जागा, त्यातली एक मुद्दाम रिकामी, उलटा बसू नये म्हणून). त्यात एक काळा प्लग बसतो, तिथून बारीक तारांची केबल पुढे जाते, पुढे प्लॅस्टिकच्या तोंडामागे एक लहानसा सर्किट बोर्ड असतो आणि त्याच्यावर आपल्याला दिसणारे पोर्ट. म्हणजे मागच्यापेक्षा पुढच्या वाटेत जोड जास्त. आपण मात्र दिसतो तेवढा पोर्टच पुसत बसतो.

तेव्हा पहिली परीक्षा अगदी सोपी आणि फुकट आहे. तेच उपकरण, तीच केबल, मधे हब नाही, एक्स्टेन्शन नाही, असं थेट मागच्या पोर्टात लावून निदान दोन दिवस वापरा. पाच मिनिटं नव्हे, दोन दिवस. मागेही सुटत असेल तर पुढचा पोर्ट निर्दोष आहे. उपकरण, त्याची केबल किंवा सॉफ्टवेअर बघा. अंगठ्याच्या मशीनच्या बाबतीत पोर्ट बदलल्यावर आरडी सर्व्हिस, म्हणजे ते मशीन चालवणारा प्रोग्राम, एकदा बंद करून चालू करा, नाहीतर चांगला पोर्टही वाईट वाटेल. मागे ठणठणीत चाललं आणि पुढे सुटलं, तर दोष मदरबोर्डवरच्या जोडापासून पुढच्या तोंडापर्यंतच्या त्या दीड वितीत आहे. आमच्याकडे तसंच होतं.

इथे एक गैरसमज फार जणांचा असतो, माझाही होता. "कीबोर्ड तर चालतो पुढे, म्हणजे पोर्ट बरा आहे." बहुतेक कीबोर्ड आणि माउस सेकंदाला १.५ मेगाबिट या सगळ्यात मंद वेगाने बोलतात आणि वीज अगदी थोडी ओढतात. पेनड्राइव्ह ४८० मेगाबिटने बोलतो, बाहेरची हार्डडिस्क तर वरून भरपूर वीजही मागते. कच्च्या रस्त्यावरून सायकल जाते म्हणून भरलेला टेम्पो जाईलच असं नाही. परीक्षा घ्यायची तर पेनड्राइव्हवर एकदोन जीबीची मोठी फाइल टाकून घ्या. मधेच थांबते का, वेग शून्यावर जातो का ते पाहा.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार काही नाही. कॉम्प्युटर थोडा वेळ रिकामा राहिल्यावरच उपकरण सुटत असेल तर विंडोज वीज वाचवायला पोर्ट झोपवत असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये युनिव्हर्सल सिरीयल बस कंट्रोलर्सखाली यूएसबी रूट हब उघडा, पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण काढा. पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा. शट डाउनऐवजी एकदा रीस्टार्ट करून बघा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्याने विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही आणि जुना घोळ दुसऱ्या दिवशी तसाच उठतो. पण मागे चालतं आणि पुढे चालत नाही, असा फरक असेल तर ड्रायव्हर बदलण्यात दिवस घालवू नका. विंडोज फॉरमॅट तर मुळीच करू नका. दोन गिऱ्हाइकांनी ते करून झाल्यावर मशीन माझ्याकडे आणलं होतं, दोष जागच्या जागी.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: नेमकं कधी सुटतं? लावताना प्लग हलला की सुटत असेल तर पोर्टाचे पत्रे सैल झालेत. नेहमीचा चौकोनी यूएसबी पोर्ट निदान १५०० वेळा लावा-काढायला टिकावा एवढीच अट असते. दिवसाला चार पेनड्राइव्ह म्हटले तर वर्षाभरात तेवढे होतात, आणि झेरॉक्सच्या दुकानात दिवसाला चाळीस. कॅबिनेटला पाय लागला की सुटत असेल तर आतला जोड सैल. सकाळी चालू केल्यावर नाही, अकरानंतर चालतं, असं असेल तर दमट हवा. आणि उपकरणाने काम सुरू केल्याक्षणी सुटत असेल तर वीज कमी पडतेय. काकींच्या वेळी मशीन नुसतं लावून ठेवलं तर तासभर राहायचं. बोट मागताना दिवा पेटला की जायचं. ही खूण माझ्या डोळ्यांसमोर तीन खेपा होती.

विजेचा हिशेब असा. पोर्टवर ५ व्होल्ट असतात. जुन्या यूएसबी २.० च्या पोर्टाने ५०० मिलीअँपिअरपर्यंत आणि निळ्या ३.० च्या पोर्टाने ९०० पर्यंत द्यावं अशी अपेक्षा असते, आणि तेवढं देतानाही २.० च्या पोर्टवर ४.७५ व्होल्टच्या खाली येऊ नये. वाटेत एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त दीड ओहमचा अडथळा आला, तर ०.३५ अँपिअर जाताना अर्ध्या व्होल्टच्या वर तिथेच खर्ची पडतो. काही ओढत नसताना मात्र अडथळा कितीही असो, मीटर पूर्ण ५ दाखवतो. म्हणून रिकाम्या पोर्टावर मल्टिमीटर लावून "व्होल्टेज बरोबर आहे" म्हणणं फसवं आहे. पोर्ट आणि उपकरणाच्या मधे लावायचा, व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा छोटा यूएसबी टेस्टर काही शे रुपयांत मिळतो. दुरुस्ती करणाऱ्याने तो खिशात ठेवावाच.

देवबागला तो लावला. मागच्या पोर्टात रिकामं ५.०४, बोट मागताना ४.९६. पुढच्या पोर्टात रिकामं ४.९८, बोट मागताना ४.४१, आणि टुणकन आवाज. पडवीत बसलेल्या आत्येलासुद्धा आकडा दाखवला. "म्हणजे बायची बोटां बरी होती," एवढंच ती म्हणाली.

मग कॅबिनेट उघडलं. हे करताना स्विच बंद करा, वायर भिंतीतून काढा, चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे साठलेली वीज उतरते, आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. काहीही उपसण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आतला काळा प्लग उपसला तर बोर्डावरच्या पिना बऱ्यापैकी पिवळ्या, पण प्लगच्या आतल्या बारीक नळ्यांना हिरवट बुरशीसारखा थर. लाल तार ५ व्होल्टची, काळी जमिनीची, पांढरी आणि हिरवी डेटाची. सगळ्यात वाईट अवस्था काळीची होती. काळी बिघडली की वीज तर कमी पडतेच, शिवाय डेटाच्या तारा ज्या शून्याला धरून मोजल्या जातात तो शून्यच हलतो.

आणि तिथेच कोडं सुटलं. मी तीनदा साफ केलं ते पुढचं तोंड. साफ करायला पुढचं प्लॅस्टिक उपसायचो, त्याने केबल ओढली जायची, आतला प्लग पिनांवर जरासा घासायचा, हिरवा थर खरवडला जायचा आणि पंधरा दिवस सगळं चालायचं. माझ्या अल्कोहोलच्या बोळ्याने काहीच केलं नव्हतं. उपाय लागू पडला म्हणून मी कारणही तेच धरलं. तुमच्याकडेही साफ केल्यावर ठरावीक दिवसांनी तोच दोष परत येत असेल, तर आधी हा संशय घ्या: आपण साफ केलं ते एक आणि हललं ते दुसरं.

हा हिरवा थर इथेच का धरतो? समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारं मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण खिडकीच्या काचेवरून बोट फिरवून जिभेला लावा, कळेल. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांपासूनच ओलावा धरतं. म्हणजे कोकणपट्टीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर सोडाच, एरवीही रोज पहाटे त्या पिनांवर खाऱ्या पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा असतो. पिनांवरचा सोन्याचा मुलामा स्वस्त केबलमध्ये नावालाच. त्याच्या बारीक छिद्रांतून ओल खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोचते. मशीन चालून गरम झालं की सुकतं, रात्री परत ओलं. भावाचं कॅबिनेट मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात याच पडवीत होतं. वीज कित्येक दिवस नव्हती, आणि खिडकीतून आलेले तुषार आतल्या आत सुकले.

साफ करायचं तर असं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि मऊ टूथब्रश. पिना घासा, प्लगच्या नळ्यांत क्लीनर मारा, प्लग आठ-दहा वेळा लावा-काढा म्हणजे धातू धातूला घासून उघडा पडतो, आणि अर्धा तास सुकू द्या. मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. पांढरी पूड दिसत असेल तर कॅबिनेटमधून पूर्ण सोडवून घेतलेल्या केबलचा प्लग आधी डिस्टिल्ड पाण्यात हलवून घ्या, मग अल्कोहोल. पाणी बोर्डाला लावायचं नाही. पॉलिश पेपर नको, उरलासुरला मुलामा जातो. खोबरेल, मशीनचं तेल, बिजागऱ्यांचा स्प्रे यातलं काही नको, त्यावर धूळ चिकटून वर्षाभरात चिखल होतो.

पण नळ्यांना हिरवं धरलेलं असेल तर माझं स्पष्ट मत आहे: केबल बदला. साफ केलेली टिकत नाही. पुढची पट्टी केबलसकट मिळाली तर उत्तम. मिळाली नाही तर त्या मापाची साधी ९ पिनी केबल डाखून घ्या. लावताना दोन गोष्टी जपा. काही जुन्या मदरबोर्डवर फायरवायरचा जोडही अगदी असाच ९ पिनांचा असतो. यूएसबीचा प्लग त्यात गेला तर जास्त व्होल्टेज येऊन पेनड्राइव्ह जळतो. जोडाच्या शेजारी छापलेलं यूएसबी हे नाव टॉर्च मारून वाचा. आणि जुन्या कॅबिनेटमध्ये एक अखंड प्लग नसून प्रत्येक तारेचं वेगळं टोपण असतं, त्यात लाल-काळी उलटली तर पहिलं लावाल ते उपकरण गेलंच म्हणून समजा.

निळ्या पोर्टांची तऱ्हा वेगळी. त्यांचा आतला प्लग १९ पिनांचा, केबल जाड आणि ताठ, पिना नाजूक. बाजूचं झाकण लावताना केबल दाबली गेली की प्लग एका बाजूने उचलला जातो. पेनड्राइव्ह कधी वेगाने, कधी मंद चालतो, मधेच सुटतो. आधी प्लग सरळ खाली दाबून बसवा, वाकडी पिन असेल तर रिकाम्या यांत्रिक पेन्सिलीच्या टोकाने हळूच सरळ करा. एवढ्याने भागलं नाही तर १९ पिनांवरून ९ पिनांवर आणणारा छोटा अॅडॉप्टर लावून पुढचे पोर्ट २.० वरच चालवा. वेग कमी होईल, पण सुटणार नाही, आणि फॉर्म भरायच्या दुकानाला तेवढा वेग पुरतो. एक बारीक गोष्ट: निळ्या पोर्टात प्लग फार सावकाश सरकवला तर आधी जुन्या चार पट्ट्या टेकतात आणि उपकरण २.० म्हणूनच ओळखलं जाऊ शकतं. एका दमात सरळ लावा. वायरलेस माउसचं बारकं रिसिव्हर चालू निळ्या पोर्टाशेजारी असेल आणि माउस अडखळत असेल तर पोर्ट बिघडलेला नाही. ३.० च्या जोडणीचा गोंगाट, असा माउस ज्यावर बोलतो त्या २.४ गिगाहर्ट्झमध्येच पडतो. रिसिव्हर लांब लावा.

दोन्ही पुढचे पोर्ट एकदम मेले आणि रात्रभर बंद ठेवल्यावर सकाळी जिवंत झाले, तर मदरबोर्डवरचा आपोआप सावरणारा फ्यूज उडालेला असतो. जास्त वीज गेली की तो तापून वाट अडवतो, थंड झाला की सोडतो. कुठेतरी शॉर्ट आहे. पोर्टात टॉर्च मारा, आतल्या जिभेवरच्या चार पट्ट्यांपैकी एखादी वाकून शेजारच्या पत्र्याला टेकली असेल. आणि हेही सांगतो, कारण बाहेरच्या कुणाला पटत नाही: एप्रिल-मेमध्ये न वापरलेल्या पोर्टात कुंभारमाशी मातीचं घर बांधते. मी तीन पोर्टांतून माती काढली आहे. ओली माती वीज वाहते. बंद मशीनमध्ये लाकडी टूथपिकने काढा, सुईने नव्हे. न लागणाऱ्या पोर्टांना रबरी टोपणं घाला.

आर्थिंगबद्दल बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आर्थिंगची तिसरी पिन कुठेतरी तुटलेली आहे, नाहीतर दोन पिनांच्या टोपणातून वीज घेतली आहे. एसएमपीएसमधले, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातले, गाळणीचे कपॅसिटर आर्थिंग नसलं की पत्रा मेन्सच्या साधारण अर्ध्या व्होल्टेजवर उचलतात. मग प्रिंटर किंवा दुसरं विजेवरचं उपकरण यूएसबीने जोडताना ठिणगी उडते आणि पोर्ट हळूहळू मरतात. आपल्या जांभ्या खडकात उन्हाळ्यात ओल राहत नाही, आर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. खड्ड्यात आठवड्यातून दोन कळश्या पाणी ओता, वायरमनकडून वर्षातून एकदा तपासून घ्या. तपासायचं काम स्वतः करू नका.

देवबागला शेवटी काय केलं ते सांगतो. नवी केबल घातली, बोट मागताना ४.९२ आले. तरीही अंगठ्याचं मशीन पुढे ठेवलं नाही. ज्यावर दुसऱ्याचं काम अडतं ते उपकरण किनाऱ्यावर पुढच्या पोर्टात लावूच नये, असं माझं ठाम म्हणणं आहे. मागच्या पोर्टातून चांगल्या जाड तारेची एक मीटर एक्स्टेन्शन टेबलावर आणून खिळ्याने पट्टी मारून पक्की केली. दोनतीन उपकरणं असती तर स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब घेतला असता. कॅबिनेट जमिनीवरून, समुद्राकडच्या खिडकीखालून उचलून आतल्या भिंतीला स्टुलावर ठेवलं. पावसात दुकान बंद असलं तरी दिवसातून दीड-दोन तास मशीन चालू ठेवायचं, आतली ऊब ओल धरू देत नाही. कापड घालायचं ते पूर्ण थंड झाल्यावर. सिलिका जेलच्या पुड्या आत टाकायचा भावाचा बेत होता, तो मी मोडला. पंखा बाहेरची हवा सतत आत ओढत असताना दोन दिवसांत त्या पुड्या पाण्याने भरतात.

काकींना निरोप पाठवला. त्या तिसऱ्यांदा आल्या, अंगठा ठेवला, पहिल्याच खेपेला दाखला निघाला. मी तिथेच होतो. आधीच्या दोन खेपांचे होडीचे पैसे भावाने पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत.

कॅबिनेटच्या आत झाकणाला मी कागद चिकटवून आलोय: तारीख, रिकामं ४.९९, कामावर ४.९२. दर गणपतीआधी आणि दर ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, भावाने टेस्टर लावून त्याखाली नवा आकडा लिहायचा. ४.८० च्या खाली आला की मला फोन, मशीन सुटायची वाट बघायची नाही.